रुसूबाईनं फूल धरून ठेवलं

आमची देवी रुसकी होती, आणि गल्लीत ही गोष्ट तक्रार म्हणून नव्हे तर अभिमानानं सांगितली जाई. नाशकात देवींना तोटा नाही. नवरात्रात कालिकेच्या यात्रेला गाव लोटायचं, वणीच्या गडाकडे जाणाऱ्या एसटीत पाय ठेवायला जागा नसायची. पण त्या सगळ्या हाकेला धावणाऱ्या देवी. आमची तेवढी फुरंगटून बसलेली. तिचं खरं नाव भगवती, पण ते पूजेच्या वेळी भाऊंच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, तोंडून निघायचं तेवढंच. बाकी सगळे तिला रुसूबाई म्हणत. गोष्ट अशी की दोघी बहिणी गडावर जायला निघाल्या, थोरली तरातरा पुढे गेली आणि धाकटी गोदावरीच्या काठी बसली ती बसलीच. का बसली यावर मात्र आमच्याकडे कधी एकमत झालं नाही. भाऊ म्हणत, थोरलीनं महिषासुराला एकटीनंच मारलं, हिला साधी हाकसुद्धा मारली नाही. आईचं म्हणणं, चांगलं लुगडं थोरलीनं नेसलं आणि हिच्या वाट्याला जुनेरं आलं. मखमलाबादेहून रोज डोक्यावर फुलांची पाटी घेऊन येणारी तानूबाई माळीण दोघांनाही उडवून लावी. "काटा मोडला व्हता पायात, दुसरं काय नाय. अनवाणी चालून बघा, मंग कळंल." शेंदराचे थर चढून चढून देवीचा खालचा ओठ पुढे आलेला होता, त्यामुळे तिच्याकडे पाहिलं की तिन्ही गोष्टी खऱ्या वाटत. मी घरात धाकटी. रुसायला कारण लागतं असं मला तेव्हाही वाटत नव्हतं.

आम्ही गुरव. देवळाच्या मागच्या भिंतीला टेकून आमच्या दोन खोल्या होत्या, वर पत्रा, पुढे पडवी. देवळातली घंटा वाजली की आमच्या फळीवरची भांडी थरथरत, आणि आईनं मिसळणाचा डबा आपटला की भाऊ गाभाऱ्यातून म्हणत, "हळू गं, आरती चाललीय." घराला कायम शेंदूर, खोबरेल आणि उदाचा वास. नवरात्र आलं की नारळांचा पाऊस पडे. मग चटणीत खोबरं, आमटीत खोबरं, भगरीत खोबरं, वड्या, सारण, खिरापत. दिवाळीपर्यंत आमच्याकडे खोबरं नसलेला पदार्थ म्हणजे फक्त चहा. अजूनही कुणी हौसेनं ओल्या खोबऱ्याची करंजी पुढे केली की मी नमस्कार करते आणि खात नाही. सून म्हणते, "आई, कोलेस्टेरॉलमुळे ना?" मी हो म्हणते.

अष्टमीला दुपारी देवीची मनवणी असे. हा आमच्या गल्लीचा खास सोहळा, आणि तो पाहायला पलीकडच्या गल्लीतले लोकही येत. सगळ्या घरांतून पुरणपोळीचे नैवेद्य झाकून देवळात आणायचे, बायकांनी पुढे बसून देवीची समजूत काढायची. "जेव गं बाई," "थोरलीचं काय मनावर घेतेस," "बघ, तुझ्यासाठी साजूक तूप आणलंय," असं आळीपाळीनं चाले. मग भाऊ देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या चंदनाचा एकेक टिळा लावून त्यावर शेवंतीचं एकेक फूल चिकटवत. हा कौल. ज्या घरात त्या वर्षी मोठा प्रश्न असेल त्यांनी तो या वेळी विचारायचा. उजवं फूल आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. पण कुठलं का होईना, फूल पडलं म्हणजे देवी बोलली, रुसवा संपला. मग तिला नैवेद्य, आणि मग गल्लीची पंगत. फूल पडेपर्यंत मात्र कुणीही, अगदी तान्ह्या पोराची आईसुद्धा, तोंडात घास घालत नसे. यात कुणाचे फार हाल होत नसत, कारण अर्ध्या तासात फूल पडायचंच.

ते अर्ध्या तासातच का पडतं, हे गल्लीत फक्त भाऊंना ठाऊक होतं आणि मला. भाऊंच्या सहाणेशेजारी दोन वाट्या असत. एकीत पातळ चंदन, एकीत दाट. पातळ लवकर वाळतं, तडकतं आणि फूल सोडतं. दाट तासभर धरून ठेवतं. कुठल्या खांद्याला कुठलं लावायचं हे भाऊ प्रश्न विचारणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून ठरवत. एका वर्षी दामूशेठ किराणावाल्याला गल्ली सोडून मुंबईला भावाकडे जायचं होतं. त्यानं कौल मागितला तेव्हा भाऊंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही, मागे उभ्या असलेल्या त्याच्या बायकोकडे पाहिलं. डावं फूल पडलं. दामूशेठचं दुकान तिथेच राहिलं आणि बाईनं देवीला खण वाहिला. मी एकदा भाऊंना विचारलं होतं, ही फसवणूक नाही का? ते म्हणाले, "माणसं उत्तर घरूनच घेऊन येतात, शकू. त्यांना ते कुणीतरी मोठ्यानं म्हणायला हवं असतं. तिला बोलता येत नाही, म्हणून मी हात लावतो." मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची. मला ते पटलं. खरं सांगायचं तर आजही बरंचसं पटतं.

त्या वर्षी मोठा प्रश्न आमच्याच घरात होता. माझी ताई, कुसुम, डी.एड.च्या पहिल्या वर्षाला होती. आमच्या अख्ख्या नात्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेली पहिली मुलगी. सकाळी फुलांच्या परड्या भरून झाल्या की ती दोन वेण्या घालून, पाठाची टाचणं छातीशी धरून निघायची, तेव्हा मला ती फार मोठी बाई वाटायची. पाठ घेण्याचा सराव ती माझ्यावर करी. मला पानिपतची लढाई येत होती तरी दहादा समजावून घ्यावी लागे. आणि अशात भाऊंची थोरली बहीण, लासलगावची आत्या, स्थळ घेऊन आली. मुलगा गुरवांचाच, कांद्याच्या मार्केट यार्डात मापाडी, घरचं देऊळ, दोन म्हशी. लग्न दिवाळीनंतर लगेच, आणि शिक्षण-बिक्षण बंद. "मास्तरीण होऊन काय देवीला पाढे शिकवायचेत?" आत्या म्हणाली. आत्यापुढे भाऊंचं काही चालत नसे. लहानपणी तिनंच त्यांना कडेवर वाढवलं होतं आणि ती ते दर भेटीत सांगे. भाऊ तिच्या चहाच्या कपाकडे बघत म्हणाले, "देवीला विचारू." आत्या खूश झाली. गुरवाच्या घरचा कौल कसा पडतो हे तिला माहेरी असल्यापासून ठाऊक होतं. ताई त्या दिवशी जेवली नाही. डोकं दुखतंय म्हणाली आणि पडवीत तोंड फिरवून टाचणं काढत बसली. आईनं दोनदा येऊन तिच्याकडे पाहिलं, आणि दोन्ही वेळा काहीतरी विसरल्यासारखं करून ती परत आत गेली.

मी काय करणार होते? भाऊ आत्यासाठी उजव्या खांद्याला पातळ चंदन लावणार हे मला दिसतच होतं. माझ्याकडे शाईची एक रिकामी दौत होती. तिच्यात बाभळीचा डिंक पाण्यात भिजवून ठेवलेला असे, वह्यांना कव्हरं चिकटवायला. अष्टमीच्या सकाळी भाऊ नदीवर गेले असताना मी अख्खी दौत पातळ चंदनाच्या वाटीत ओतली आणि बोटानं ढवळली. आता उजवं फूल हलणार नव्हतं. दाट चंदनाचं डावं फूल, तासाभरानं का होईना, पडणार, देवी नाही म्हणणार, ताई डी.एड. पुरं करणार. लोकांना जेवायला जरा उशीर होईल, एवढंच. बोट परकराला पुसताना देवीकडे माझं लक्ष गेलं. तिचा ओठ नेहमीपेक्षा जास्त पुढे आलाय असं मला वाटलं, पण ते मी मनावर घेतलं नाही.

बारा वाजता देऊळ भरलं. आत्या नवी कोरी साडी नेसून पहिल्या रांगेत. तिच्या शेजारी मुलाची आई, आणि खांबाला टेकून मुलगा: उंच, ओशाळा, टेरिकॉटच्या शर्टाची कॉलर कुरवाळत उभा. संबळ थांबला. बायकांनी समजूत काढली. भाऊंनी टिळे लावले, फुलं ठेवली, आणि त्यांनी प्रश्न विचारला तेव्हा त्यांचा आवाज इतका बारीक झाला की आत्याला ओरडावं लागलं, "रघू, मोठ्यानं विचार! देवीला ऐकू जाईल असं!" अर्धा तास गेला. फूल पडलं नाही. तास गेला. मी डाव्या खांद्याकडे डोळे लावून बसले होते आणि डावं फूल ढिम्म. दीड तास झाला तशी मी पुढे सरकून डावा खांदा नीट पाहिला. डाव्याला तर मी काही लावलं नव्हतं.

दोन वाजता कुजबुज सुरू झाली. अडीचला दामूशेठ उठून उभा राहिला. कपाळावरचा घाम पुसून म्हणाला, "माझ्यामुळं झालं असेल तर क्षमा असावी. तिसऱ्या माळेला मी गाडीवर उभं राहून आम्लेट खाल्लं." देवळात एकच गलका उसळला. त्याची बायको म्हणाली, "मला म्हणालात वसुलीला जातोय!" पण वाट मोकळी झाली होती. समोरच्या जोशीकाकूंनी पदर डोळ्यांना लावला. त्यांचा अखंड दिवा पाचव्या माळेला विझला होता आणि त्यांनी तो गुपचूप काडेपेटीनं पेटवला होता. हे ऐकताच आणखी तिघींनी सुस्कारा सोडून "आमचापण" म्हटलं. शिंप्यानं कबूल केलं की देवीच्या खणातून त्यानं बायकोची चोळी काढली. ती चोळी त्याच्या बायकोच्या अंगावरच होती, ती मटकन खाली बसली. तानूबाई म्हणाली, "आजची शेवंती कालची हाय. पानी मारून आणली. आता फुलालाच राग आला आसंल तर मला ठाव नाय." दर कबुलीनंतर सगळे फुलांकडे बघत, आणि फुलं जागच्या जागी. मी प्रत्येक वेळी उठायचं ठरवत होते आणि प्रत्येक वेळी माझ्या आधी दुसरं कुणीतरी उठत होतं. खरं म्हणजे त्याचं मला बरंच वाटत होतं.

तीनच्या सुमाराला मुलाच्या आईनं गालांवर थापटून घेतलं. "आई, चूक झाली! पोराचं वय आमी दोन वर्सं कमी सांगितलं."

"तीन," आत्या पटकन म्हणाली, आणि मग तिनं जीभ चावली.

लोक हसले. आत्याला ते झोंबलं. तिनं वळून सगळ्यांकडे पाहिलं, मग तिचे डोळे ताईवर थांबले. ताई दाराशी, हात जोडून, सकाळपासून एक शब्द न बोलता उभी होती. "सगळ्यांनी सांगून झालं," आत्या म्हणाली. "आता हिच्या मनात काही पाप असेल तर हिनंपण सांगून टाकावं. उगीच सगळी गल्ली उपाशी."

ताईनं हात खाली घेतले. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. मला पानिपत समजावताना जो आवाज काढायची त्याच आवाजात, शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा, ती म्हणाली, "माझं पाप एवढंच आहे की मला हे लग्न नको आहे, आणि तरी मी इथे हात जोडून उभी आहे. मला शिकायचंय. मला शाळेत शिकवायचंय."

संबळवाल्याच्या हातातली काठी खाली पडली, तिचा आवाज सगळ्यांनी ऐकला. भाऊ गाभाऱ्याच्या उंबऱ्यात उभे होते. "मग आधी का नाही बोललीस?" ते म्हणाले.

"बोलले होते. आत्या आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, तुम्ही हार ओवत होतात तेव्हा. तुम्ही म्हणालात, देवीला विचारू."

भाऊंनी देवीकडे पाहिलं, मग ताईकडे. एवढ्या माणसांच्या तोंडाकडे पाहून त्यांच्या मनातलं ओळखणारा माझा बाप, त्याला आपल्या मुलीच्या तोंडाकडे बघायचं राहून गेलं होतं. त्यांचा चेहरा इतका पडला की मला त्यांची दया आली, आणि रागही आला. आत्या काहीतरी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात खांबाजवळून मुलाचा आवाज आला. इतका वेळ तो एक अक्षर बोलला नव्हता. त्यानं आईकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, आणि अगदी आदबीनं विचारलं, "मंग आता जेवाया हरकत नाय ना?"

सगळं देऊळ हसलं. ताईसुद्धा हसली, आणि मुलगाही, कान लाल करून. तो वाईट नव्हता बिचारा. पहाटेच्या एसटीनं निघालेला, पोटात काही नाही, आणि पाच-पन्नास माणसांसमोर नकार मिळालेला. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं.

"पण फूल?" जोशीकाकू म्हणाल्या. "देवी रुसलेलीच आहे अजून."

"रुसंना का," तानूबाई म्हणाली. "लेकरं उपाशी ठिवून कोन्ती आई जेवती? ती रुसली हाय, राकुस झाली नाय."

तरी कुणी हलेना. कुणाच्या हयातीत फूल पडल्यावाचून पंगत बसली नव्हती. मग माझी आई उठली. आई चारचौघांत कधी बोलत नसे, सणावारी तर नाहीच; वन्संसमोर तर मुळीच नाही. तिनं पदर खोचला, आमच्या घरच्या नैवेद्यावरचं केळीचं पान काढलं, ताट देवीपुढे ठेवलं, पाणी फिरवलं आणि मागे न बघता म्हणाली, "कुसुम, पत्रावळी मांड. वाढायला घेऊ." पोळ्या गार होऊन वातड झाल्या होत्या, कटाच्या आमटीवर तवंग धरला होता, कुरडया मऊ पडल्या होत्या. तसं जेवण मी पुन्हा कधी जेवले नाही. मुलानं सात पोळ्या खाल्ल्या. ताईनंच वाढल्या. आत्यानं मात्र भजीला हातसुद्धा लावला नाही. म्हणाली, पित्त झालंय. आणि देवी दोन्ही खांद्यांवर फुलं घेऊन आमच्या पंगतीकडे बघत बसली होती.

आता त्या देवळाला ग्रॅनाईट बसवलंय, लोखंडी जाळी आहे, आणि मनवणीला लाउडस्पीकरवर कुणीतरी मुलगी सुरात "जेव गं बाई" म्हणते. मागल्या वर्षी गुडघे सांभाळत गेले होते. कौल अजून लावतात. चंदन कुठून आणतात कोण जाणे, पाच मिनिटांत फूल पडलं. लोकांना वेळ नसतो हे देवीलाही कळलं असावं.

त्या वर्षी नवमीला पहाटे भाऊंनी मला हाक मारली. गाभाऱ्यात समई लावलेली, हातात कोमट पाण्याचा तांब्या. "ये इकडे," म्हणाले. "फुलं निघत नाहीयेत." मी पाणी ओतलं, ते अंगठ्यानं हलके हलके घासायला लागले. उजवं फूल देठासकट सुटून त्यांच्या हातात आलं. त्यांनी मागचा पिवळट गोळा बोटांत मळला आणि नाकाशी नेला. "बाभळीचा," म्हणाले. मी खाली मान घातली. मार बसणार यात मला शंका नव्हती.

"कुठल्या वाटीत घातला होतास?"

"पातळ."

"म्हणजे डावं पडावं म्हणून."

मी मान हलवली. मग मात्र मला राहवलं नाही. रात्रभर तोच विचार डोक्यात होता. "पण भाऊ, डावं का नाही पडलं? दाट वाटीत मी काही घातलं नव्हतं. देवीची शपथ."

भाऊ डाव्या खांद्यावरचं फूल घासत राहिले. "नदीवरून आल्यावर दोन्ही वाट्या मी एक केल्या होत्या. एकच चंदन, दोन्हीकडे सारखं. लोकांचं मी ठरवत आलो, तेव्हा कधी मागेपुढे पाहिलं नाही. आपल्या पोरीचं ठरवायची वेळ आली तर धीरच होईना. म्हटलं, हे तरी तिला खरंखुरं विचारू." त्यांनी मान वर केली. "उभ्या जन्मात पहिल्यांदा तिला खरं विचारलं, आणि तू तिचं तोंड डिंकानं चिकटवून ठेवलंस."

मी रडायला लागले. भाऊ हसत होते, पण त्यांचेही डोळे भरले होते. "रडू नकोस. पाणी ओत. आणि पुन्हा असलं काही करायचं नाही. मनात असेल ते मला येऊन सांगायचं."

"सांगितलं तर तुम्ही ऐकाल?"

डावं फूल सुटलं, ते भाऊंनी परडीत टाकलं, धोतराच्या सोग्याला हात पुसले. "ऐकेन," ते म्हणाले. "पण दोनदा सांग. एकदा सांगितलेलं मला ऐकू येत नाही."